पाच टक्के काळं

बर्डीवरच्या दुकानात एसी, बाहेर पंचेचाळीस.
पराते नावाचा पोरगा म्हणाला,
ताई, हा घेऊन टाका, ऑफर आहे, साडेसहा हजार.
म्हटलं, बावा, घ्यायचं नको सांगू.
पोसायचं सांग.

आधीच्या शाईवाल्यानं मला शिकवलं होतं.
दिवाळीत कोर्ट बंद राहायचं
अन् त्याच्या नळ्या रुसून वाळून जायच्या.
उघडल्यावर पहिल्या दिवशी पक्षकार रांगेत,
आणि याच्या पोटातून नुसते पट्टे,
शेवयांसारखे.
धुवायला तीनशे, शाईला सहाशे,
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
आणि जेवायला कोणीच नाही.

फसलेल्या एका प्रतिज्ञापत्राच्या पाठीवर
मी हिशोब मांडला, तिथंच, काउंटरवर.
साडेसहा हजारवाल्याचा टोनर बत्तीसशेचा,
चालणार हजार पानं.
म्हणजे पानाला तीन रुपये वीस पैसे.
कोपऱ्यातला तो बोजड, करडा, कोणी न विचारलेला,
साडेचौदा हजारांचा.
त्याचा टोनर पंधराशे, पानं अडीच हजार,
साठ पैसे.
ड्रम वेगळा, तो विचारून घेतला.
मोमिनपुऱ्यातला अश्फाक भरून देतो का, तेही
फोन करून विचारलं. देतो म्हणाला,
पण चिप नसलेलाच घ्या, आपा.
आठ हजारांचा फरक तीन हजार पानांत फिटतो.
तीन हजार पानं म्हणजे माझे दोन महिने.
पराते बघत राहिला.
त्यानं कॅल्क्युलेटर परत खिशात घातला.

मग मी विचारलं, ही हजार पानं, अडीच हजार पानं,
कोणाची पानं?
त्यानं खोक्याची बारीक अक्षरं शोधली.
पाच टक्के काळं धरलंय, ताई. बाकी पांढरं.

पाच टक्के.
म्हणजे वर एक नाव, मध्ये चार ओळी,
खाली सही, आणि भोवती
संत्र्याच्या बागेएवढी मोकळी जागा.
असं कोणाचं पान असतं?
माझ्याकडं येतात ते
दोन नावांचे. शाळेत देवाजी, सातबाऱ्यावर देवराव,
आणि दोन्ही मीच, असं
शंभराच्या कागदावर शपथेवर सांगणारे.
लग्नानंतरचं नाव, सोडल्यानंतरचं नाव.
हरवलेली मार्कशीट, जळालेलं रेशनकार्ड.
कडेपासून कडेपर्यंत, समास सोडायला जागा नाही,
कारण दुसरं पान म्हणजे आणखी दहा रुपये.
आणि आधारची झेरॉक्स, तिच्यात तर
चेहराच काळा येतो प्रत्येकाचा.
निम्मा टोनर माझा
लोकांच्या चेहऱ्यांत जातो.

पेन ड्राइव्ह दिला. म्हटलं, तुझं नमुना पान नको,
हे काढ.
ट्यूबलाइट क्षणभर मिणमिणली,
आतलं काहीतरी तापलं, आणि पान आलं.
परातेनं ते उचललं, मला द्यायला,
आणि वाचत उभा राहिला.
अक्षर पाहत नव्हता.
मग हळूच, मालकाला ऐकू जाणार नाही असं,
ताई, आजोबांच्या दाखल्यात आडनाव वेगळं असलं तर
चालते का होऽ?
चालत नाही, म्हटलं. चालवावं लागते.

करडा घेतला. ई-रिक्षात मांडीवर धरून आणला
सिव्हिल लाइन्सपर्यंत.
लावला, तेव्हा कूलर बंद करावा लागला,
दोघं एका बोर्डावर नांदत नाहीत.

सोमवारी पराते आला, दुकानाचा शर्ट काढून,
साध्या शर्टात.
चार दाखले, तीन स्पेलिंग, एक आजोबा.
पान निघालं तेव्हा इतकं गच्च होतं
की उजेडाला धरलं तरी पलीकडचं दिसेना.
गरम होतं. मे महिन्यात गरम पान कोणाला हवं,
पण त्यानं ते दोन्ही हातांत धरलं
आणि उगाच फुंकर घातली.

दहा रुपये घेतले. हिशोब तो हिशोब.
यंत्राच्या आकड्यात त्याचं पान एकशे अठ्ठावीसावं.
काळं किती टक्के, ते यंत्र सांगत नाही.